झऱ्याच्या पाण्याचा शून्य

वासूनाना हे त्यांचे खरे नाव नव्हे. जलशुद्धीकरण केंद्रात रुजू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तिथल्या पंपचालकाने ते त्यांना चिकटवले, कारण नव्या माणसाचे काम पाण्याचा वास घेण्याचे होते. पुढे ते इतके पक्के बसले की हजेरीपटावरचे नाव वाचून लोक विचारत, हे गृहस्थ कोण?

सकाळी साडेसहाला तळे धुक्याखाली निजलेले असे. काठावरच्या बैठ्या इमारतीत, उत्तरेच्या कोपऱ्यातल्या खोलीत, वासूनाना काचेचे तीन चंबू गरम पाण्याच्या पसरट भांड्यात उभे करत. एकात तळ्याचे कच्चे पाणी, दुसऱ्यात नऊ हजार घरांना जाणारे शुद्ध केलेले पाणी, आणि तिसऱ्यात मागच्या उताराच्या मध्यावर असलेल्या झऱ्याचे. पारा साठ अंशांवर आला की चंबू उचलायचा, मानेला धरून तीनदा हलवायचा, बूच काढायचे आणि डोळे मिटून नाक जवळ न्यायचे. झऱ्याचे पाणी म्हणजे शून्य. उरलेल्या दोघांना त्या शून्याशी ताडून पाचपर्यंतचा अंक द्यायचा.

नियमपुस्तिकेत मात्र झऱ्याचा उल्लेख नाही. पाणी कोळशाच्या भुकटीतून गाळून बिनवासाचे करावे आणि त्याच्याशी तुलना करावी, असे तिथे स्वच्छ छापलेले आहे. झऱ्याची पद्धत वासूनानांच्या आधी वास घेण्याचे काम करणाऱ्याने पाडली. हा म्हातारा उस्ताद म्हणे, "कोळशातून काढलेलं पाणी मेलेलं असतं रे. जिवंत पाणी जिवंत पाण्याशी ताडावं." या पद्धतीला लेखी परवानगी कधी मिळाली नाही, लेखी हरकतही कुणी घेतली नाही. तेव्हा दर सोमवारी उतार चढून जायचे आणि दगडी कुंडातून आठवड्याचे पाणी भरून आणायचे, हे वासूनानांनी उस्तादांकडून जसेच्या तसे उचलले.

नाक जपण्यासाठी त्यांनी घर सव्वीस वर्षे वेठीला धरले होते. सुवासिक साबण नाही, अत्तर नाही, उदबत्ती नाही. फोडणी द्यायची ती ते घराबाहेर पडल्यावर. "इतकी वर्षं संसार केला, पण यांना माझा वास कसा आहे ते विचाराल तर म्हणतील, शून्य," असे त्यांची बायको शेजारणींना सांगे, आणि सगळ्या जणी हसत.

त्यांच्या लेखी शून्य ही काही रिकामी गोष्ट नव्हती. झऱ्याच्या चंबूवर वाकले की त्यांना वाटे, आपण एका मोठ्या, मोकळ्या घरात शिरलो आहोत. खिडक्या उघड्या आहेत, सामान कधीचेच हलवले आहे, आणि कुठे तरी आतल्या खोलीत कुणी तरी हलके पाऊल टाकत चालले आहे. तिथे दिवसातून एकदा क्षणभर उभे राहायला मिळते, एवढ्यासाठीही ही नोकरी केली असती, असे ते एकदा बायकोला म्हणाले होते. तिने चादर झटकत विचारले, "मग तिथेच राहायचं होतंत, परत कशाला आलात?"

दरम्यान उतार बदलत होता. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या खालच्या अर्ध्यावरची झाडे गेली आणि शेते आली. पूर्वी पाऊस आठवडाभर रिमझिमत राही. तो आता दोन दुपारी उभा कोसळून निघून जाऊ लागला, आणि जाताना शेतातली माती व खत तळ्यात लोटू लागला. उन्हाळा लांबला. काठाचे पाणी कोमट झाले, त्यावर हिरवी साय धरू लागली. वासूनानांना हे दिसत नव्हते असे नाही. कच्च्या पाण्याला ते कधी एक, कधी दोन देत. पण शुद्ध केलेल्या पाण्यापुढे शून्य मांडताना त्यांचा हात कधी अडखळला नाही.

तक्रारी येत. बाहेरगावाहून नव्याने राहायला आलेले लोक म्हणत, नळाच्या पाण्याला मातीचा वास येतो. वासूनाना स्वतः त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन पेला नाकाशी धरत आणि "शून्य" म्हणून परतत. पंधरा दिवसांनी पुन्हा चौकशी केली की तेच लोक सांगत, आता नाही येत. तक्रार आपोआप मिटते, म्हणजे ती मनाचीच होती, असा त्यांनी यातून निष्कर्ष काढला. वहीत अशा एकतीस तक्रारी आहेत, आणि प्रत्येकीपुढे त्यांच्या वळणदार अक्षरात "निराधार" असा शेरा आहे.

त्या वर्षी उताराच्या वरच्या अर्ध्यावरची झाडेही काढण्याचा प्रस्ताव आला. केंद्राच्या प्रमुख अभियंत्या, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांना सुनावणीसाठी अहवाल द्यायचा होता. त्यांनी वासूनानांना बोलावून एक वाक्य वाचून दाखवले: "सव्वीस वर्षांच्या दैनंदिन चाचणीत पुरवठ्याच्या पाण्याच्या वासात कोणताही बदल आढळलेला नाही."

"यावर सगळं उभं आहे, नाना," बाई म्हणाल्या. "खालची झाडं गेली तरी पाणी बिघडलं नाही, मग वरची गेल्यानं काय होणार, असं प्रस्ताव मांडणारे म्हणणार. तुमची नोंद आहे, तुमची सही लागेल. खरं आहे ना हे?"

"माझ्या वहीत खोटं काही नाही," वासूनाना म्हणाले. त्या दिवशी ते घरी गेले ते जरा ताठ मानेने.

घरी त्यांची थोरली बहीण आलेली होती. अक्का दूर, कोरड्या माळावरच्या गावी राहत असे. एकोणीस वर्षांनी भावाच्या घरी आली होती. वासूनानांच्या बायकोने पाण्याचा पेला पुढे केला. अक्काने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"काय हे? तळघरात ठेवता का पाणी?"

"नळाचं आहे, वन्सं. आत्ताच भरलंय."

"मग नळ तळघरात असेल." अक्काने भावाकडे पाहिले. "तू काय करतोस रे तिथे? वास घेतोस ना?"

"अक्का, प्रवासानं तोंडाची चव जाते."

"माझी चव गेली असती तर मला वास आलाच नसता. तुझं मात्र नाकच सुट्टीवर दिसतंय."

वासूनानांनी हसून विषय टाळला. बाराव्या दिवशी अक्का तेच पाणी कुरकुर न करता प्यायली. ते म्हणाले, "बघ, गेला ना वास?" अक्काने पेल्यात पाहिले. मग म्हणाली, "वास तिथेच असेल. मीच इथली झाले."

हे वाक्य त्यांच्या मनात कुसळासारखे रुतले. अक्काचा गुडघा दुखत होता, तिला पोचवायला कुणी तरी जायला हवे होते. ज्या माणसाने सलग दोन दिवसांची रजा कधी मागितली नव्हती त्याने नऊ दिवसांची मागितली. पंपचालक म्हणाला, "नाना, तोवर आम्ही पाण्याला वास मारू नकोस म्हणून सांगू का?"

माळावरचे ते नऊ दिवस नंतर त्यांना झोपेत पाहिल्यासारखे आठवत. अक्काच्या अंगणातली विहीर इतकी खोल होती की दोर सोडल्यावर मधल्या वेळात माणसाने दोन गोष्टी आठवून पुन्हा विसराव्यात. ते पाणी कठीण होते, थोडे चुनखडीचे. पहिल्या दिवशी त्यांना ते टोचले. चौथ्या दिवशी ते नाहीसे झाले. ओठ भिजत, तहान भागे, पण पाणी असे काही उरतच नसे. नाक इतक्या लवकर फितूर होते, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा, आणि स्वतःवरच, कळत होते. त्या एकतीस कुटुंबांची स्वयंपाकघरे त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक करून जाऊ लागली.

परतीच्या सोमवारी ते गाडीतून उतरले ते घरी गेलेच नाहीत. अक्काने दिलेल्या बाटलीतलेच पाणी पीत सरळ उतार चढले. कुंडाभोवती पूर्वी दाट सावली असे. आता वरच्या रांगेतली चार झाडे सोडली तर ऊन थेट पाण्यावर उतरत होते, आणि शेताचा बांध कुंडापासून वीस पावलांवर येऊन थांबला होता. कुंडाच्या तळाशी हिरवे, मऊ काही तरी हलत होते. हे सगळे त्यांनी दर सोमवारी पाहिले होते. प्रत्येक सोमवारी ते आदल्या सोमवारसारखेच दिसले होते.

खोलीत येऊन त्यांनी झऱ्याचा चंबू साठ अंशांवर नेला, हलवला आणि बूच काढले.

ते मोठे, मोकळे घर तिथे नव्हते. ओली माती होती, कुजलेली लाकडे होती, पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीचे दार उघडावे तसा दमट, गोडसर वास होता. त्यांनी बूच लावले आणि पुन्हा काढले. वास तिथेच होता, त्यांची वाट पाहत बसल्यासारखा. मग त्यांनी पुरवठ्याचा चंबू उघडला. तोच वास. अगदी तोच, दोहोंत खरोखरच काही फरक नव्हता.

एका निरीक्षणावर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी ते नव्हते. नियमपुस्तिका काढली, कोळशाची भुकटी मागवली, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पाणी गाळले. पंपचालकाला डोळे मिटून बसवले आणि चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमाने चंबू त्याच्या नाकाशी धरले. तो आठवड्यातून चार दिवस सासुरवाडीला, दुसऱ्या खोऱ्यात राहत असे. सहापैकी सहा वेळा त्याने कोळशाचे पाणी वेगळे काढले.

"आणि झऱ्याचं?" वासूनानांनी विचारले.

"झऱ्याचं आणि नळाचं जुळे भाऊ. तुम्हाला माहीत नव्हतं?" पंपचालक डोळे उघडत म्हणाला. "मला वाटलं, शून्य म्हणजे तेच. वासाला तुम्ही शून्य म्हणता, अशी काही तरी शास्त्रीय भानगड असेल."

दिवसभर त्यांनी सव्वीस वह्या चाळल्या. शून्यांच्या त्या लांबच लांब रांगेत काय मोजले गेले होते? तळे बदलत होते आणि त्याच उतारावर, त्याच उन्हात झराही बदलत होता. दोघे हातात हात घालून चालले होते, आणि ते मात्र रोज लिहीत होते की दोघांतले अंतर वाढलेले नाही. खोटे काही नव्हते. खरेही काही नव्हते.

एकच गोष्ट त्यांना समासात सापडली. पाणी साठ अंशांपर्यंत न्यायला किती वेळ लागेल याचा अंदाज यावा म्हणून ते दर सोमवारी कुंडाचे तापमान शिसपेन्सिलीने टिपत. पहिल्या वर्षी ऐन उन्हाळ्यात चौदा. झाडे गेली त्या वर्षापर्यंत पंधरा. आता एकोणीस.

दुसऱ्या दिवशी ते मोठ्या बाईंसमोर उभे राहिले. अहवाल सहीसाठी टेबलावरच होता.

"हे वाक्य काढा, बाई."

बाईंनी सगळे ऐकून घेतले. मग चष्मा काढून पुसला. "नाना, हे काढलं तर लोक विचारणार, सव्वीस वर्षं तुम्ही काय केलंत."

"विचारू देत. मलाही विचारायचंच आहे."

"तुम्ही गप्प राहिलात तर कुणाला कळणार नाही, हे माहीत आहे ना तुम्हाला?"

"पंपचालकाला कळलंय," वासूनाना म्हणाले. "म्हणजे जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना."

बाईंना हसू आवरले नाही. पण लगेच त्या गंभीर झाल्या. "आणि हे समासातले आकडे? हे लिहायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"पेन्सिलीचं कुणी पुरावा म्हणून धरणार नाही."

"नका धरू. पण जे मोजलं ते एवढंच आहे."

बाईंनी वाक्यावर रेघ मारली. त्या जागी वासूनानांकडून नवे लिहून घेतले: वासाच्या नोंदी ज्या पाण्याशी ताडून केल्या ते पाणी स्वतःच बदलत होते, म्हणून त्या ग्राह्य धरू नयेत. त्याखाली त्यांनी सही केली, हजेरीपटावरच्या नावाने. सुनावणीत एका गृहस्थांनी "मग तुमचं नाक होतं तरी कशाला?" असे विचारले, आणि सभागृहात खसखस पिकली. वासूनाना म्हणाले, "सवय व्हायला." झाडे वाचली असे म्हणता येणार नाही. नव्या पद्धतीने वर्षभर नोंदी घ्याव्यात आणि मग निर्णय करावा, एवढेच ठरले.

नव्या पद्धतीत एका नाकाऐवजी पाच नाके आली: पंपचालक, टंकलेखिका, माळी, वाहनचालक आणि वासूनाना. शून्याच्या जागी कोळशाचे पाणी. प्रत्येकाने आपला अंक वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा. पहिल्या सकाळी धुके खिडकीच्या काचेपर्यंत आले होते आणि पाच माणसे पाच चंबूंवर डोळे मिटून वाकली होती. बाईंनी चिठ्ठ्या उघडल्या. तीन, चार, तीन, चार; आणि वासूनानांचा दोन.

वासूनानांनी मनाशी दिवस मोजले. माळावरून परतून त्यांना तेवीस दिवस झाले होते. ते पुन्हा इथले झाले होते.

"माझा अंक धरू नका," ते म्हणाले, आणि त्यांनी पट्टी मागून घेतली. नव्या वहीच्या प्रत्येक पानावर, नावाच्या आणि अंकाच्या मध्ये, ते एक उभी रेघ सावकाश ओढत गेले. त्या रकान्याच्या डोक्यावर त्यांनी लिहिले: बाहेरचे पाणी शेवटचे केव्हा प्यायले. मग टंकलेखिकेकडे वळून त्यांनी विचारले, "बाई, तुम्ही माहेरी कधी गेला होतात?"