कावळ्याने ऐकलेला फोन

आमच्या साडूंइतका मोठ्याने खासगी बोलणारा माणूस उत्तर महाराष्ट्रात दुसरा नसेल. निदान नाशिक शहरापुरतं तरी मी हे छातीठोकपणे सांगू शकतो, कारण गंगापूर रोडच्या एका टोकाला ते बायकोशी काय बोलतात हे मला दुसऱ्या टोकाला भाजी घेताना अनेकदा कळलेलं आहे. साडू हे नातंच मुळात चमत्कारिक. भाऊ नाही, मित्र नाही. एकाच सासऱ्याने वेगवेगळ्या वेळी केलेल्या दोन निवडी, एवढाच आपला संबंध. त्यातली पहिली निवड हे. ते एका सहकारी बँकेत शाखाधिकारी होते, आणि बँकेतल्या लोकांप्रमाणे आम्ही नातेवाईकही त्यांना साहेब म्हणतो. तसं म्हटलं नाही तर त्यांना ऐकू येत नाही.

बँकेत असताना साहेबांनी स्वतःच्या हाताने फोन लावल्याचं कोणी पाहिलेलं नाही. टेबलावरची घंटा वाजवायची, शिपाई आत आला की छताकडे बघत "जरा पिंपळगावला लावा" म्हणायचं, आणि फोन लागून हातात येईपर्यंत चष्मा पुसायचा, अशी पद्धत होती. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. शिपाई मात्र बँकेतच राहिला. पुढचे काही महिने ते असे खंगले की मेहुणीबाईंनी तपासण्या करून घेतल्या. तपासण्यांत काही निघालं नाही. मग बंगळुरूच्या मुलीने त्यांना कानात अडकवायचं ब्लूटूथ पाठवलं, आणि तोंडाने नुसतं नाव उच्चारलं की फोन आपोआप लागतो, हेही शिकवलं. साहेबांना शिपाई परत मिळाला. शिवाय हा रजेवर जात नव्हता.

तेव्हापासून ते यंत्र त्यांच्या उजव्या कानात आहे. पेशवाईत लोक जशी भिकबाळी मिरवत तसं ते मिरवतात. फरक एवढाच की भिकबाळी मध्येच निळी लुकलुकत नसे. आंघोळीपुरतं ते डबीत जातं, आणि ती डबी देव्हाऱ्याशेजारच्या प्लगला चार्जिंगला लावलेली असते, त्यामुळे सकाळी नमस्कार नेमका कोणाला होतो हे सांगणं कठीण. सुरुवातीला एक अडचण आली. फोनला आमच्या घराण्यातली नावं झेपेनात. आडनावं तर तो ऐकूनच घेईना. दुसऱ्या कोणी नाद सोडला असता, पण साहेबांनी बँकेची शिस्त वापरली. फोनला जी इंग्रजी नावं न चुकता समजतात ती, म्हणजे फळं आणि भाज्या, त्यांनी नातेवाइकांना वाटून दिली. त्यामुळे सासूबाई कॅबेज आहेत, दूधवाला लेमन आहे आणि मी पोटॅटो. मेहुणीबाईंना मँगो दिला आहे. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने आपल्याला उद्देशून काढलेला हा पहिलाच गोड शब्द, असं त्या म्हणतात, आणि त्यावर त्यांची तक्रार नाही. भर लग्नात, अक्षता वाटल्या जात असताना, साहेब मांडवाच्या मध्यावर उभे राहून हुकमी आवाजात "कॉल पोटॅटो!" म्हणतात आणि मंगल कार्यालयाच्या दुसऱ्या कोपऱ्यात माझा खिसा वाजतो, हा अनुभव मी घेतलेला आहे. आचाऱ्याने बटाट्याची भाजी संपल्याचं आम्हा दोघांनाही येऊन सांगितलं.

या यंत्राचा मुख्य फायदा विचाराल तर साहेब सांगतात, "हात मोकळे राहतात." मोकळ्या हातांनी त्यांनी काही केल्याचं मला आठवत नाही. डावा हात पाठीमागे असतो आणि उजवा आम्हाला गप्प करण्यासाठी लागतो. ते आपल्याकडे बघून "काय मग, तब्येत काय म्हणते?" असं विचारतात, आपण गुडघ्याचं दुखणं सांगायला लागतो, आणि त्यांचा पंजा आपल्या नाकासमोर उभा राहतो. सिग्नलवरच्या पोलिसाचा असतो तसा. तब्येत दुसऱ्याच कोणाची विचारलेली असते. हळूहळू घरातली माणसं शहाणी झाली. साहेब काही बोलले तर आधी त्यांच्या कानाकडे बघायचं, निळा दिवा लुकलुकत नसेल तरच उत्तर द्यायचं, असा दंडक पडला.

पण खरी गंमत वेगळी होती. कानात दुसऱ्याचा आवाज आला की साहेबांना आजूबाजूचं जग दिसेनासं होतं, आणि आपण जगाला दिसेनासे झालो आहोत असंही त्यांना वाटतं. एकदा त्यांच्या गाडीतून आम्ही वणीला देवीच्या दर्शनाला निघालो होतो. गाडीत बसलं की फोन कानातून गाडीच्या स्पीकरवर जातो. दिंडोरीच्या अलीकडे सासूबाईंचा फोन आला आणि त्यांनी माझ्याविषयीचं मत सविस्तर मांडायला घेतलं. मी शेजारीच बसलो होतो. साहेब सांगतील, "आई, हे गाडीतच आहेत," म्हणून मी वाट पाहिली. साहेब म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." गाडीचे स्पीकर उत्तम होते. डावीकडून निंदा येत होती, उजवीकडून उसासे. फोन संपल्यावर साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "घरगुती होतं जरा."

हे सगळं सांगायचं कारण आमच्या बायकांचे मामा. ते गेले त्याला आता बराच काळ लोटला. मामांच्या घरी त्यांची थोरली बहीण राहत असे, म्हणजे आमच्या बायकांची मावशी. तरुणपणीच विधवा होऊन नांदगावहून भावाकडे आली ती तिथलीच झाली. मामी नोकरी करत, त्यामुळे मामांचे दोन्ही मुलगे तिच्याच हाताखाली वाढले. मामी आधीच गेल्या होत्या; आता मामाही गेले, घर विकायचं ठरलं, आणि मावशीने कुठे राहायचं हा प्रश्न उरला. तो प्रश्न सगळ्यांना माहीत होता, म्हणून कोणी विचारत नव्हतं. थोरल्याच्या पुण्याच्या इमारतीत लिफ्ट सारखी बंद पडते असं अचानक ऐकू येऊ लागलं. धाकट्याचं इंदिरानगरचं घर दहा दिवसांत लहान झालं. नांदगावजवळ एक चांगला वृद्धाश्रम आहे, हवा छान आहे, असंही कोणीतरी भिंतीकडे बघत म्हणालं.

दहाव्याला आम्ही पुरुषमंडळी रामकुंडावर गेलो. बायका मामांच्या घरी स्वयंपाकात होत्या. पिंड मांडून झाला आणि सगळे हात जोडून लांब उभे राहिले. रामकुंडावरचे कावळे अनुभवी आहेत; रोज इतकं समोर येतं की त्यांना घाई नसते. समोरच्या तारेवर पाच-सहा जण बसून आमच्याकडे बघत होते. अशा वेळी गेलेल्या माणसाची इच्छा ओळखून मोठ्याने वचन द्यायचं असतं. इच्छा पुरी होणार असं कळलं की कावळा शिवतो, असं मानतात. थोरला पुढे झाला. "बाबा, तुमच्या शाळेला पंखे देऊ." कावळा हलला नाही. धाकटा म्हणाला, "बाबा, तुमची स्कूटर विकणार नाही. घासूनपुसून ठेवू." एका कावळ्याने चोच तारेला घासली. एका पुतण्याने वर्षश्राद्ध त्र्यंबकेश्वरी करण्याचं आश्वासन दिलं. काही नाही. सगळे आळीपाळीने आभाळाकडे आणि चपलांकडे बघत होते. शेवटी गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "अजून थोडं थांबू. नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववतो. मागे दुसरे लोक आहेत."

त्या शांततेत पायऱ्यांच्या वरच्या अंगाने हुकमी आवाज आला, "कॉल मँगो!"

गुरुजींनी दचकून वर पाहिलं. साहेब आमच्याकडे पाठ करून, डावा हात मागे ठेवून उभे होते.

"हां, मी बोलतोय," साहेब म्हणाले, आणि ते पार पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्यांनाही ऐकू गेलं असावं. "नाही, नाही शिवला अजून. अगं, शिवेल कसा? हे पंखे देतायत, स्कूटर पुसतायत. मावशीचं नाव कोणी काढेल तर शपथ! मामांचा जीव दुसरा कशात अडकणार? ... हो, ते ऐकलं मी. लिफ्ट बंद. घर लहान. नांदगावची हवा! यांना वाढवताना तिने हवा बघितली होती का?"

थोरला आणि धाकटा दोघेही नदीकडे बघू लागले. मी साहेबांना खुणावण्यासाठी दोन पायऱ्या चढलो. मागे न बघताच त्यांनी पंजा उभा केला.

"काय? ... मग काय, आणायची आपल्याकडे! तेवढंच राहिलं होतं. सगळ्या जगाचं करायला आपणच जन्माला आलोय. आणू, आणू! मुलीची खोली रिकामी आहे, टाकू तिथे गादी. आजच आणू, हवं तर!"

ते वैतागून बोलत होते, हे लहान मुलालाही कळलं असतं. पण तारेवरचा एक कावळा उठला, सरळ खाली आला आणि त्याने पिंडाला चोच लावली.

"शिवला! शिवला!" सगळीकडून निःश्वास सुटले. साहेब वळले तेव्हा सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"दाजी," थोरला गहिवरून म्हणाला, "बाबांचा तुमच्यावर फार विश्वास होता." हे आम्ही प्रथमच ऐकत होतो.

"अरे, पण मी हिच्याशी बोलत होतो!" साहेबांनी कानाकडे बोट दाखवलं. "फोन होता तो. घरगुती!"

"कोणाशी का बोलेनात," गुरुजी पसारा आवरत म्हणाले. "त्याने ऐकलं, तो शिवला. माझं काम झालं."

परतीच्या वाटेवर साहेबांनी गाडीत बँकेच्या भाषेत युक्तिवाद केला. बोलणं त्रयस्थाशी झालं होतं, सही नव्हती, साक्षीदार पक्षी होता. घरी गेल्यावर हिला सांगून सगळं सुरळीत करू, असं ते म्हणाले. मला त्यात चूक दिसली नाही. फक्त एक गोष्ट आम्हाला दोघांनाही माहीत नव्हती. मामांच्या घरी मेहुणीबाईंचे हात कणकेने भरले होते, म्हणून त्यांनी फोन ओट्यावर ठेवून स्पीकर चालू केला होता, आणि शेजारी पाटावर बसून मावशी डाळ निवडत होती.

आम्ही पोचलो तेव्हा ती दारातच बसली होती. शेजारी एक पिशवी आणि पांघरुणाची वळकटी. मेहुणीबाई आतून नुसतं "अहो, स्पीकरवर होता" एवढंच म्हणाल्या. साहेबांनी घसा साफ केला. त्यांचं तोंड उघडण्याआधी मावशी बोलली.

"रागानं बोलले ते कळलं मला, जावईबापू. पन बोलले तर खरं. बाकीच्यांनी तेबी नाय केलं." मग म्हणाली, "माझं पोळपाट घेऊ का संगं? तुमच्याकडचं लय हलतं."

साहेबांनी कानातलं यंत्र काढलं, खिशात ठेवलं आणि वळकटी उचलली. दिवसाढवळ्या त्यांचा कान मी त्या दिवशी प्रथम पाहिला. बिचारा चांगलाच लाल झाला होता.

मावशी मुलीच्या खोलीत राहायला गेली आणि साहेबांच्या फोनची रया गेली. निळ्या दिव्याचा दंडक तिला कोणी सांगितला नव्हता, आणि सांगितला असता तरी तिने तो पाळला नसता. घरात माणूस बोललं की त्याला उत्तर द्यायचं, अशी तिची समजूत. साहेब गॅलरीतून एखाद्या जुन्या सहकाऱ्याला विचारत, "मग फरक मिळाला का पेन्शनचा?" आतून आवाज येई, "मला कुठलं पेन्शन, बापू?" त्यांनी पंजा उभा केला तर ती म्हणे, "हात कोनाला दावता?" पंजा खाली आला, तो पुन्हा फारसा उठला नाही. सहकाऱ्यांना एका फोनमध्ये दोन मतं मिळू लागली, आणि दुसरं मत अधिक सरळ असल्याने काही जण तेच मागू लागले. नाही म्हणायला साहेब मधूनमधून कुरकुरतात. आपण कसे गोवले गेलो याची हकिगत पाहुण्यांना सांगतात, आणि प्रत्येक वेळी तीत कावळा थोडा मोठा होतो.

मी त्यांना एकदा स्पष्टच विचारलं. "साहेब, तो शिवला नसता तर आणलं असतं का हो मावशींना?"

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "मी आधी बोललो की तो आधी उठला," ते म्हणाले, "हे आता नीट आठवत नाही."

अलीकडे मावशीलाही फारसं आठवत नाही. दिवस, वार, कोण गेलं, कोण उरलं, सगळं सरमिसळ झालं आहे. गॅलरीतून पुरुषाचा आवाज येतो तो आपल्या भावाचाच, असं तिने ठरवून टाकलं आहे. साहेब रोज संध्याकाळी मला फोन करतात. बहुधा भाजीपाल्याचे भाव किंवा सरकारची धोरणं, यावर त्यांचं मत असतं. मध्येच लांबून, खोलीतून, बारीक आवाज येतो, "भाऊ, आलास का रे? जेवलास?"

साहेब वाक्य तिथेच सोडतात. "हो अक्का, आलो," ते म्हणतात. "जेवलो."

हे मला उद्देशून नाही, एवढं आता मला कळतं. मी फोन कानालाच धरून ठेवतो. तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, मग पावलं लांब जातात, आणि बराच वेळ काही ऐकू येत नाही.