खोडलेला आकडा

लसींच्या फ्रिजचं झाकण उघडलं की गार रबराचा वास येतो, आणि मला पवनीजवळच्या त्या लहानशा दवाखान्यातली तपासणीची सकाळ आठवते. मी तिथे नवी नर्स होते. बाहेर शेतातल्या बांध्यांमध्ये धान पिकून पिवळं पडलं होतं, आत फिनाईलने पुसलेली फरशी चकाकत होती, आणि गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळायलाच हवं म्हणून मी घाईघाईत तापमानाच्या तक्त्यात सकाळच्या आकड्यासोबत संध्याकाळचाही आकडा भरून टाकला होता. आमच्या इन्चार्ज सिस्टर या तपासणीला कागदी घोडे म्हणायच्या, त्यामुळे त्या तक्ता बघतील असं मला वाटलंच नव्हतं. त्यांनी बघितला. "संध्याकाळ झाली का वं पोरी?" म्हणत त्यांनी तो आकडा मलाच खोडायला लावला आणि बाजूला माझी सही घेतली. "सिस्टर, आपण नापास होऊन जाऊ ना वो," मी रडकुंडीला आले. "होऊ दे. लस खराब झाली तं लेकराईले कागद टोचशीन का?" तासाभराने तपासणीला आलेल्या मॅडमचं बोट नेमकं त्या खाडाखोडीवर थांबलं. सिस्टरांनी घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. मॅडमनी झाकण उघडून थर्मामीटर पाहिला. सगळं ठीक होतं. "स्वच्छ तक्ते मला सगळीकडेच दाखवतात," त्या म्हणाल्या, "फ्रिज खरंच कोणी बघतं, हे इथे दिसलं." प्रमाणपत्र आलं तेव्हा त्याच सिस्टरांनी स्वतः स्टुलावर चढून ते फ्रिजच्या वर भिंतीवर ठोकलं, आणि आम्ही सगळ्यांनी खाली उभं राहून टाळ्या वाजवल्या. आता इन्चार्ज मी आहे. एकही खाडाखोड नसलेला तक्ता समोर आला, की सही करण्याआधी मी उठते आणि फ्रिज उघडून बघते.