कडुलिंबात उकळलेलं उपरणं

दौंडहून गाडी सुटली तेव्हा आमच्या बाकावर चौघं होतो, जरा वेळात दोघंच उरलो. कुसुमच्या कोपरांवरचं इसब दिसताच शेजारच्या बाई आपलं मूल उचलून पलीकडे गेल्या. माझी पोर सात वर्षांची. शाळेतही तिला वेगळी चटई. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

मलमं झाली, पथ्यं झाली. काष्टीचा एक रंगारी कापडाला झाडपाल्याचा काढा पाजतो, ते घातलं की खाज बसते, असं कुणीतरी सांगितलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. असल्या गोष्टी मला पटत नाहीत आणि स्वस्थही बसू देत नाहीत.

त्या रंगाऱ्याच्या, रशीदभाईंच्या अंगणात तीन हंडे रटरटत होते. मी ऐटीत रेशनवर मिळवलेलं कोरं मांजरपाटाचं कापड पुढे केलं. त्यांनी ते चिमटीत चोळलं.

"मास्तर, याला खळ (गिरणीत लावतात ती कांजी) हाय. काढा वरच्या वर ऱ्हाईल. आन् पोरीला टोचंल ते येगळंच. तुमच्या खांद्यावरचं द्या की."

उपरणं दहा वर्षांचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. ते आधी हिरड्याच्या पाण्यात गेलं, मग तुरटीत, शेवटी डाळिंबाची साल आणि कडुलिंबाच्या पाल्यात. मी प्रश्नांचा भडिमार केला. रशीदभाईंनी उत्तर म्हणून झाकलेल्या गाडग्यातून चार दिवस ठेवलेल्या दोन ओल्या चिंध्या काढल्या. साधीला कुबट वास, काढ्यातलीला नाही.

"का बरं?"

"ते तुमी शोधा. आमी नुसतं बघितलं."

उपरणं सावलीत वाळेपर्यंत शेंगोळ्या (हुलग्याच्या पिठाच्या, रश्श्यात शिजवलेल्या) खाल्ल्या. तिखटानं माझे कान तापले. तेवढ्यात त्यांच्या बायको हमीदाबींनी कुसुमला जवळ ओढलं, तिचा हात मांडीवर घेतला आणि कोपरावरून उघडी बोटं फिरवली. "लई आग हुती का गं?"  कुसुमनं हात काढून घेतला नाही.

परतीच्या गाडीत उपरणं तिच्या अंगाभोवती गुंडाळून मी हिरडा, तुरटी, पाला असं सगळं तिला समजावत बसलो. गुण येईल की नाही, आला तर कशानं, मनात एवढंच घोळत होतं. पुढे महिन्याभरात खाज बरीच उतरली. पण त्या संध्याकाळी माझं सगळं विज्ञान ऐकून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"अण्णा, हमीदाबींनी हात नाही ना धुतले नंतर?"

"नाही," मी म्हणालो. मीही तेच पाहत होतो.