पंधरा घटका

आमच्या कारभारणीला कुणी नुसतं “आलेच” म्हटलेलं चालायचं नाही. शेजारीण म्हणायची, “घटकाभरात पाटी आणून देते गं.” ही लगेच, “म्हंजे चोवीस मिनिटं. बसते मोजत.” मी अर्ध्या तासात येतो म्हटलं की दारातून आवाज यायचा, “सव्वा घटका झाली, की भाकरी झाकून ठेवीन आन् मी जेवून घीन.” घ्यायचीही. आणि अशा बाईला परवा तिच्याच दहाव्याला घाटावर माईकवरून ‘गरीब गाय’ म्हणाले. ऐकून माझं टाळकं सरकलं.

ती गुरवाची लेक. तिचा बाप लग्नांत घंगाळात तांब्याची वाटी सोडून बसायचा. बुडाला भोक पाडलेली वाटी भरून बुडाली की एक घटका. ही लहानपणापासून बापाशेजारी बसून बुडत्या वाट्या मोजायची. शाळेचं तोंड आम्ही दोघांनीही फारसं पाहिलेलं नाही, पण साठ पळांची घटका आणि साठ घटकांचा दिवसरात्र, हे तिच्या बोटांवर असायचं.

पन्नास-साठ सालांच्या मधली गोष्ट. पिंपरीत कारखाने निघायला लागले होते आणि मी भोसरीहून पायी कामाला जायचो. गावात घड्याळ नव्हतं, पण वारा नीट असला की भोंगा ऐकू यायचा. हिनं दोन भोंग्यांच्या मध्ये वाटी सोडून पाहिली. वीस वेळा बुडाली. मी सांगितलं, शिफ्ट आठ तासांची असते. “मग तास अडीच घटकांचा,” म्हणाली आणि लुगड्याला हात पुसून चुलीपुढं बसली.

त्याच साली आमचा थोरला, वर्षाचा असताना, तापात झटके देऊ लागला. कारखान्याच्या डॉक्टरनं गुंगीचं पातळ औषध दिलं. बाटली मी तात्यांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हातात दिली, पहिला चमचा पाजला, “दर सहा तासांनी एक चमचा” असं सांगितलं आणि शिफ्टला गेलो.

पोराच्या काळजीनं अर्ध्या शिफ्टवरूनच परत आलो तर अंगणात माणसं जमलेली. तात्या सावली बघून वेळ धरायचे आणि गावात त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी सहा घटकांनी, ही पाणवठ्यावर गेलेली असताना, दुसरा चमचा पाजला होता, आणि आता तिसरा ओतत होते. पोरगं निपचित पडलेलं. हिनं, सासऱ्यापुढं कधी तोंड न उघडलेल्या बाईनं, पुढं होऊन बाटली हिसकावली.

“मामंजी, सहा तास म्हंजे पंधरा घटका!”

“तास नि घटका एकच. सायबानं नाव बदललं, एवढंच.”

“एक न्हाई! दिवसात चार चमचं सांगितल्यात. तुमच्या हिशेबानं धा व्हत्याल. मारताय का पोराला?”

“सासऱ्याला उलटून बोलतीस?”

“व्हय, बोलती!”

बाटली पदरात बांधून ती पोराला मांडीवर घेऊन बसली. मी उलट पावली पळत जाऊन डॉक्टरला आणलं. तो म्हणाला, “तिसरा चमचा गेला असता तर हे उठलं नसतं.”

पण गावानं काय लक्षात ठेवलं? डॉक्टरचं बोलणं नाही. सासऱ्याच्या हातातली बाटली हिसकावणारी सून! पाणवठ्यावर ‘पंधरा घटका’ हेच तिचं नाव पडलं. दिवाळी येऊन गेली तरी तात्या तिच्या हातचं जेवले नाहीत. मी संतापायचो, तर मलाच म्हणायची, “जेवंनात का. पोरगं जेवतंय न्हवं?”

आणि परवा तेच पोरगं, आता नातवंडांचा आजोबा झालेलं, माईकवर रडत म्हणालं, “आमची आई कधी कुणाला उलटून बोलली नाही.”

मी काठी टेकत उठलो. माईकवाला कानात म्हणाला, “बाबा, दोनच मिनिटं हं.”

“पाच पळं. पुरं झाली,” म्हणालो, आणि समोर बसलेल्या थोरल्याकडं बघून बोललो, “गप की रं. ती उलटून बोलली म्हणून आज तुझं डोकं भादरायला शिल्लक राहिलं.”