सुमनचं खरं वजन

सुमननं मले काट्यावर फसवलं आन् मरून गेली.

आज वर्ष झालं. वर्षभर तोंड दाबून होती. आज बोलते.

परवा पोरीनं माझा फोटो टाकला. खाली बायांच्या कमेंटच कमेंट. "मंदाताई, वजन कसं कमी केलं? सीक्रेट सांगा नं."

सांगते. चौथी शिकेल बाई आहे, चुका काढत बसू नका.

तीन बाळंतपणं झाली आन् मी फुगत गेली.
लिंबू-मध पेली. टीव्हीवरचा पट्टा बांधला. सोमवार धरला, गुरुवार धरला, आन् उपासाच्या नावावर परातभर साबुदाण्याची उसळ खाल्ली.

ब्याण्णव किलो.

दारव्ह्याचा डॉक्टर म्हणे, "बाई, शुगर लय आहे. वजन उतरवा, नाही तं रोज पोटात सुई घ्या."

सुमन माझी शेजारीण. वावराले वावर, भिंतीले भिंत. तीबी जाडीच, चौऱ्याऐंशी.
म्हणे, "सुईचं कायले भेव घेतं वं? चाल, मी येते तुह्या सोबत."

रोज सकाळी घरून फाट्यापर्यंत पायी, आन् वापस.
आन् दर रविवारी फिराच्या आधी आमच्या ओसरीत वजन. कापूस मोजतो त्याच काट्यावर.

वेचणीवाल्या बायांचा कापूस मीच मोजते. लग्न होऊन आली तवापासून, आधी तराजूवर, आता ह्या काट्यावर. गाठोड्यात कोणी गोटा टाकला तं नुसता हात लावला की मले समजते. "काढ वं तो गोटा" म्हटलं की बाई हासते आन् काढते.
मले कोणी फसवू शकत नाही, असं साऱ्या गावाले सांगत होती मी.

माझं वजन उतरत गेलं. नव्वद. सत्त्याऐंशी. त्र्याऐंशी.
सुमन तीन किलो उतरली आन् एक्याऐंशीवर अडकली.

तिचे गाल बसले होते. विचारलं तं म्हणे, "यवतमाळले जाऊन दात काढले वं. चावताच येत नाही."

अंगात नवऱ्याचा फुल शर्ट. कापूस वेचताना लुगड्यावर आम्ही साऱ्याच घालतो, पण ही फिराले येतानाबी घाले. म्हणे, थंडी वाजते.
चैतातली थंडी! तेबी मी ऐकून घेतलं.

शर्टाखाली कंबरेले काहीतरी बांधेल दिसे. म्हणे, कंबर दुखते, पट्टा आहे.

माझं ध्यान काट्याच्या आकड्यावर.

एका रविवारी पुन्हा एक्याऐंशी. माझं डोकं फिरलं.

"काय वं सुमे, लपून वडे खाऊन राह्यली का?"
"सुनेच्या हातचे लागतात नं चांगले."
"लाज नाही वाटत? मी इथं कोरडी भाकर चावून राह्यली!"
"तू चाव. तुले दात आहेत."

ती हासली. मी नाही हासली.

त्या दिवशी तिले फाट्याच्याबी पुढं, पुलापर्यंत नेलं. शिक्षा म्हणून.
अर्ध्या रस्त्यात ती गोट्यावर टेकली.
मी म्हटलं, "उठ. बसली तं चरबीबी बसन."

उठली.
पुलापर्यंत आली. वापसबी आली.

दिवाळी झाल्यावर म्हणे, पुसदले पोरीकडं जाते, महिनाभर राहाले. रोज फोन करे. रोज एकच बात.
"आज गेलती का फाट्यापर्यंत? किती भरलं वजन?"
"माझं सोड. तू तुहं पाह्य, वडेखाऊ."

मंग एक दिवस फोन आला तो तिच्या सुनेचा.

सुमनच्या पोटात गाठ होती. आठ महिन्यापासून माहीत होतं तिले. यवतमाळले दात काढाले नव्हती जात. पुसदलेबी पोरीच्या घरी नव्हती, दवाखान्यात होती.

तेरवी झाली आन् सून, वैशाली, आमच्या ओसरीत आली. हातात थैली. जड.

थैलीत आमच्याच जुन्या तराजूची लोखंडी मापं. एक किलोचं, दोन किलोचं, पाच किलोचं. नवा काटा आल्यापासून कोपऱ्यात पडेल होती, मंग एकेक करून दिसेनाशी झाली. मी समजली भंगारवाल्यानं नेली. दिसला की शिव्या देत होती त्याले.

वैशाली म्हणे, "आईनं वापस द्याले सांगितलं होतं. कोणाची वस्तू ठेवू नाही म्हणे. कापूस वेचाच्या ओटीत टाकून, कंबरेले बांधून येत होत्या रविवारी तुमच्याकडं. वजन उतरेल दिसलं तं तुम्ही ओळखान म्हणून."

"ओळखलं असतं तं काय झालं असतं?"

"म्हणे, मंदी फिरणं सोडून माझ्या उशाशी बसन. आन् मंग तिच्या पोटात सुई लागन."

हे ठरवाचा हक्क तुले कोणी देला, सुमे?

बसली असती मी उशाशी. हो, बसली असती. तो माझा हक्क होता.
तू माझीच मापं घेतली, माझ्याच काट्यावर उभी राहली आन् मलेच फसवलं.

आज सकाळी तिन्ही मापं काट्यावर ठेवली.
आठ किलो.
एक्याऐंशीतून आठ गेले. त्र्याहत्तर.
तुहं खरं वजन वर्षभरानं केलं मी.

मंग पूल आठवला. मापं माझ्यासमोर सोडता येत नव्हती तुले. लोखंड कंबरेले बांधून चालली तू. आन् मी म्हटलं, उठ.

तं बायांनो, सीक्रेट काही नाही. रोज चालते. उरलेला भात फेकवत नाही म्हणून आपल्या पोटात टाकत होती, तो आता गाईले देते. चहात साखर बंद. शुगर आटोक्यात आहे, सुई लागली नाही.
आन् सोबतच्या बाईच्या तोंडाकडं पाहा. काटा मंग पाहा.

पोरगी म्हणते, आई, शेवटी श्रद्धांजली लिही.

लिहिते.
सुमे, पुलापर्यंत चालवलं, त्याची तुले माफी मागते.
काट्याची माफी देत नाही.

उद्या फाट्यापर्यंत जातेच आहे, इचारू नको.
जाय आता.