सत्तेचाळिसाव्या नंबरचं प्रथिन

मनतशा औश्याची. तिचे अब्बा, गफूरभाई, गाद्या-रजया भरायचे. घराण्यात बारावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच मुलगी, आणि गेली ती थेट नांदेडला, पीएच.डी.ला. तेव्हा अर्धापूरकडच्या काही केळीबागा मर रोगानं वाळत होत्या. रोगाची बुरशी मुळात शिरली की स्वतःचं एक प्रथिन सोडते. ते केळीच्या कुठल्या प्रथिनाला जाऊन धरतं, हे मनतशाला शोधायचं होतं.

तिनं बुरशीचं प्रथिन डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या मण्यांवर बसवलं, वरून केळीच्या मुळांचा अर्क ओतला, मणी धुतले आणि धुऊनही जे सुटलं नाही ते हैदराबादला मास स्पेक्ट्रोमीटरवर पाठवलं. हे यंत्र प्रथिनांच्या तुकड्यांची वजनं घेतं आणि त्यावरून नावं लागतात. पाचशे अडतीस नावांची यादी आली. सगळ्यात वर, रोगाशी लढणारं एक नामांकित प्रथिन! मनतशानं खुर्चीतून उडीच मारली. लातूरच्या संशोधन परिषदेत लावायच्या पोस्टरचं शीर्षक त्याच दिवशी रवाना झालं.

तिच्या गाईड महादेवी मॅडमनी यादी शांतपणे वाचली. "नुसत्या मण्यांना काय काय चिकटतं, ते बघितलंस?"

बघितलं नव्हतं. मनतशाचे कान गरम झाले.

तिनं पुन्हा सहा नमुने केले. तिनांत बुरशीचं प्रथिन, तीन नुसत्या मण्यांचे. अर्क तोच, धुणंही तेवढंच. महिन्याभरानं निकाल आला. तिनं दोन्ही याद्या शेजारी-शेजारी ठेवल्या. ते नामांकित प्रथिन रिकाम्या मण्यांवरही तेवढंच होतं.

ती यादीच्या तळापासून वर एकेक नाव खोडत सुटली. शंभर गेली, तीनशे गेली, चारशेच्या वर गेली. पण सत्तेचाळिसाव्या नंबरवर बोट थांबलं. एक छोटंसं, कुणी कधी न अभ्यासलेलं प्रथिन. बुरशीच्या प्रथिनासोबत तिन्ही वेळा हजर, रिकाम्या मण्यांवर एकदाही नाही!

"मॅडम, हे खरं हाय!" ती धावत जाऊन म्हणाली.

"उलटं करून बघ. मग म्हण."

म्हणजे आता मण्यांवर केळीचं ते प्रथिन बसवायचं आणि बुरशीचं त्याला येऊन धरतं का बघायचं. तयारीतच दोन महिने गेले. शेवटी पडद्यावर चित्र उमटलं. रिकाम्या मण्यांची जागा कोरी, आणि शेजारी, केळीच्या प्रथिनाच्या मण्यांपाशी, बुरशीच्या प्रथिनाची ठळक काळी पट्टी. मनतशा एवढ्या जोरात ओरडली, की काही सांडलं-बिंडलं समजून बाजूच्या खोलीतली माणसं पळत आली. आत मॅडम तिच्या पाठीवर थापा मारत होत्या.

शीर्षक बदलून पोस्टर लातूरला लागलं. औश्याहून एसटीनं अब्बा आले, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात.

"म्हंजे पयलं खोटं निघालं?"

"खोटं न्हाई, अब्बा. ते कशालाबी चिकटतं. हे मात्र बुरशीच्या प्रथिनालाच धरतं."

"मंग औषध निघंल?"

"ते लई लांब हाय. पण कुठं शोधायचं, ते कळलं."

अब्बा पोस्टरपुढं बराच वेळ उभे राहिले. ती चहा घेऊन आली, तेव्हा ते दोन प्राध्यापकांना हातवारे करून सांगत होते, "आधी रिकामे मणी बघायचे, साहेब. त्याबिगर न्हाई कळायचं!"

मनतशा हसू दाबत तशीच उभी राहिली.