रॉकेल वाचवणारा हवालदार

डिसेंबरच्या सुरुवातीला माझी पोस्टिंग उत्तरेकडच्या एका उंच चौकीवर झाली. आम्ही चौदा जण होतो. पोस्ट कमांडर सुभेदार साहेब. मी, ढोके, सिग्नलचा हवालदार, हाताखाली एक ऑपरेटर, नायक दिलीप गजभिये. मी रायपूरच्या चौबे कॉलोनीतला, तो तिथल्याच भनपुरीचा. दोघांचेही वडील भंडाऱ्याकडून रायपूरला आलेले. माझे रेल्वेत, त्याचे स्टील प्लांटमध्ये. इतक्या वर आपल्या बोलीत शिव्या देणारा माणूस मिळाला म्हणून मी खूश होतो.

चौकीवर तीनच आधार होते. बुखारीत, म्हणजे आमच्या शेगडीत, जाळायला रॉकेल. एक छोटा जनरेटर. आणि शेल्टरपासून साठ पावलांवर, खडकावर बसवलेला सोलर पॅनल. त्याच्यावर रेडिओ सेटच्या बॅटऱ्या चार्ज व्हायच्या. सकाळी सातनंतर पॅनलवरचा बर्फ झाडायचा, आठ वाजता बॅटरीला मीटर लावायचा, आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. झाडायचं काम गजभिये करायचा. लिहायचं काम मी करायचो. मीटर लावायचं काम कोणीच करत नव्हतं.

मला थंडी सोसत नाही. अठरा वर्षं फौजेत काढलेल्या माणसाने हे सांगू नये, पण रायपूरच्या मे महिन्यात शिजलेली हाडं आहेत, काय करणार. त्यात हुकूम आला, रॉकेल कमी जाळा. रोज संध्याकाळी सुभेदार साहेब प्रत्येक शेल्टरच्या जेरीकॅनमध्ये काठी बुडवून बघायचे. मग मी डोकं लढवलं. सुट्टीवरून येताना भनपुरीच्या ट्रकच्या सामानाच्या दुकानातून बारा व्होल्टची पाणी तापवायची रॉड आणली होती. ड्रायव्हर केबिनमध्ये चहा करतात, तीच. ती सेटच्या बॅटरीला लावली. बुखारी विझलेली आणि माझ्या हातात गरम चहा.

"उस्ताद, बॅटरी उतरंल न," गजभिये म्हणाला.

"उद्या ऊन पडंल, भरून जाईन."

"अन् नाही पडलं तं?"

"तं तू फूक मार तिच्यात."

तो हसला आणि चहा प्यायला. वर साखर कमी आहे म्हणून तक्रारही केली.

एका रविवारी रोल कॉलला सुभेदार साहेब म्हणाले, "ढोके से सीखो. सिग्नल के शेल्टर में सबसे कम तेल जलता है." मी सावधानमध्ये उभं राहून कौतुक घेतलं. गजभिये मागच्या ओळीत खोकला.

निवृत्तीनंतर हा किस्सा मी रायपुरात किती जणांना सांगितला, मोजता येणार नाही. लग्नात, कॉलोनीच्या मीटिंगमध्ये, सलूनमध्ये. नेहमी त्या खोकल्यापाशी थांबायचो. लोक हसायचे, विषय बदलायचा.

घरी मात्र मी वेगळा माणूस झालो होतो. कोणी खोलीतून बाहेर पडलं की माझा हात बटणावर. एकदा सासरे बाथरूममध्ये असताना दिवा बंद केला. ते आतून बराच वेळ रामनाम घेत होते. मुलगा हिंदीत सांगतो, "पापा, ये पोस्ट नहीं है. यहाँ लाइट नहीं जाती." खरं आहे. कोळसा आमच्या राज्यातच निघतो, वीज इथेच तयार होते, भनपुरीकडच्या मिलमध्ये धानाचा भुसासुद्धा जळतो. घरात सगळं येतच राहतं, मग कोण काय मोजणार. मी गीझर बंद करत हिंडतो आणि बायको मागून चालू करत येते.

मागच्या डिसेंबरात सुजाताचा फोन आला. सुजाता म्हणजे गजभियेची मुलगी. तो गेला तेव्हा ती चौथीत होती. आता शंकर नगरच्या एका शाळेत सायन्स शिकवते. मी दर जानेवारीत त्याच्या स्मृतिदिनाला भनपुरीला त्यांच्या घरी जायचो. वहिनी खीर करायच्या. फौजेच्या चौकशीने, म्हणजे कोर्ट ऑफ इन्क्वायरीने, लिहिलं होतं, सतत खराब हवामानामुळे बॅटऱ्या चार्ज होऊ शकल्या नाहीत. घरात हेच माहीत होतं.

"काका, ऊर्जा बचतीवर बोलाल का मुलांसमोर? वर तुम्ही कसं वाचवून वापरत होते ते. थोडं हसवा न त्यायले, नाही तं ऐकत नाहीत पोट्टे."

मी गेलो. सकाळचे साडेदहा. हॉलमध्ये दहा पंखे फिरत होते, डिसेंबरात. प्रोजेक्टरसाठी पडदे ओढलेले, म्हणून सगळे दिवे चालू, आणि प्रोजेक्टर काही लागला नव्हता. मागे मुलांनी रंगवलेला फलक, बिजली बचाओ. मी रॉडचा किस्सा काढला. मुलं खूप हसली. काठी बुडवणाऱ्या सुभेदार साहेबांची नक्कल केली, तेव्हा शिक्षकही हसले. सुजाता दाराजवळ उभी होती, तीही हसत होती. मी खोकल्यापाशी आलो आणि थांबलो.

दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, फिर बैटरी खतम हो गई, तब आप लोगों ने क्या किया?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. टाळायला एक विनोद पुरला असता. विनोद माझ्याकडे नेहमी असतो. त्या वेळी आला नाही. मी तिला हिंदीत सांगितलं, इथे मराठीत लिहितो.

चार दिवस बर्फ पडत होता. पॅनल झाकलेला. जनरेटर आधीच बंद, त्याचा पार्ट हेलिकॉप्टरने यायचा होता. टेलिफोनची तार तुटलेली. राहिला फक्त रेडिओ सेट. पाचव्या दिवशी सकाळी सहाला मी रॉड लावून दोन मग चहा केला. रजिस्टरमध्ये अंदाजाने आकडा लिहिला. सातला खालच्या हेडक्वार्टरशी बोलणं झालं; सेटवर आमच्या चौकीचं नाव चार्ली.

"चार्ली, नौ बजे मौसम का मैसेज है. सेट पर रहना. ओव्हर."

"चार्ली, रॉजर. आउट."

आठ चाळीसला सेट बंद पडला. मी मीटर लावला. त्या महिन्यात पहिल्यांदा लावला. बॅटरी उतरली होती.

गजभियेने कोट चढवला, फावडं घेतलं. "पॅनल साफ करून येतो, उस्ताद. आभाळ मोकळं होऊन राहिलं."

मी म्हणालो, "जा."

नऊला खालून मेसेज सुटला. हिमस्खलनाचा धोका आहे, कोणीही शेल्टरबाहेर पडू नये. आजूबाजूच्या सगळ्या चौक्यांनी तो ऐकला. आम्ही ऐकला नाही.

नऊ पंचवीसला वरून बर्फ सुटला. आम्ही बारा जणांनी खोदलं, सुभेदार साहेब वर नजर ठेवून उभे होते. अकरा दहाला तो सापडला.

हॉलमध्ये एक मुलगा अजून हसत होता. त्याला वाटलं, पुढे गंमत येणार आहे. मी खाली बसलो. सुजाताने माईक हातात घेतला, मुलांकडून वीज वाचवण्याची शपथ म्हणून घेतली, आभार मानले. आवाज एकदाही हलला नाही. बापावर गेली आहे.

बाहेर व्हरांड्यात तिने मला गाठलं.

"रिपोर्टमध्ये मौसम लिहिलं होतं."

"रॉडचं मी इन्क्वायरीत कोणाले सांगितलं नव्हतं, बेटा. त्याच दिवशी बर्फात फेकून दिली."

"आईले सांगितलं?"

"नाही."

"नका सांगू. ती म्हणते बर्फानं नेलं. बर्फावर राग धरता येत नाही, म्हणून जगून राहिली ती." मग ती हिंदीत बोलू लागली, जशी परक्याशी बोलते. "और अब घर मत आइए. जनवरी में भी नहीं."

मी म्हणालो, "हव."

माफी मागायचं डोक्यात होतं. पण घंटा झाली आणि ती वर्गावर गेली.

या जानेवारीत मी गेलो नाही. वहिनींचा फोन आला, "काहून आले नाही, भाऊजी? खीर केली होती." मी सांगितलं, गुडघे दुखतात. रजिस्टरमध्ये खोटं लिहायची सवय अशी कामाला आली. आता किस्साही सांगत नाही. घरात दिवे जळत असले तर जळू देतो. बायकोला वाटतं, म्हातारा शेवटी सुधारला.

त्या मुलीला उत्तर अर्धंच दिलं. बॅटरी संपल्यावर आम्ही काय केलं, याचा शेवट राहून गेला. गजभियेला बर्फाने गाठलं ते परतीच्या वाटेवर. काम पूर्ण करून तो येत होता. पॅनल वर खडकावर शाबूत होता, काठापर्यंत साफ झाडलेला. साडेबाराला ऊन पडलं. दोन वीसला सेट चालू झाला. त्याने मिळवून दिलेल्या विजेवर मी पहिला मेसेज पाठवला, तो असा:

"चार्ली कॉलिंग. एक कैजुअल्टी. नायक दिलीप गजभिये, ऑपरेटर. ओव्हर."